ड्रमची कुंडी, छत्रीचा स्टँड

रस्त्याच्या कडेला बसून भाजी, फळे, फुले, चहा विकणारी, चपला शिवणारी, किल्ल्या बनवून देणारी माणसे आमच्या वाचकांत थोडीथोडकी नाहीत. ज्यांच्या घरात असा धंदा आज नाही, त्यांच्या आईने किंवा आजीने कधीतरी पाटी घेऊन नाक्यावर बसून पोरे वाढवलेली असतात. अशा धंद्याला छप्पर एकच, ते म्हणजे मोठी रंगीत छत्री. सात फूट रुंदीची, आठ काड्यांची. तिच्या सावलीत पालेभाजी दुपारपर्यंत टवटवीत राहते आणि बसणारे माणूसही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर भर दुपारच्या उन्हात बसलेली माणसे दगावली, हे अजून कोणी विसरलेले नाही. सावली ही काही चैनीची गोष्ट नव्हे.

छत्री विकत मिळते. ती उभी कशात करायची, हे मात्र ज्याचे त्याने पाहायचे असते. बंगल्याच्या हिरवळीवर लावायच्या छत्रीला ओतीव लोखंडाची तयार बैठक दुकानात मिळते. तिची किंमत ऐकून आम्ही दुकानाची पायरी उतरलो. नाक्यावर तेच काम तेलाचा डबा करतो. डब्यात रेती भरायची, मधोमध दांडा खोवायचा, भोवती चार दगड. नाहीतर फुटपाथच्या दोन ब्लॉकमधली फट. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा वारा सुटला की डबा कलंडतो आणि छत्री रस्त्यावर गडगडत जाते. एका भाजीवाल्या मावशींनी आम्हाला विचारले, "भाऊ, एक माणूस छत्री धरायला आणि एक भाजी विकायला बसवला, तर दोघांचं पोट त्या चार जुड्यांवर कसं भरायचं?" आमच्यापाशी लगेच उत्तर नव्हते. या अंकात देत आहोत.

मावशींना तराजू कळतो, तेव्हा हिशेबही तराजूचाच करू. छत्री कलंडते ती तिच्या बुडाच्या कडेवर. एका पारड्यात वाऱ्याचा धक्का, आणि तो जितक्या उंचीवर बसतो ती उंची. दुसऱ्या पारड्यात स्टँडचे वजन, आणि बुडाच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर. दोन्हीकडे गुणाकार करायचा. ज्या पारड्याचा आकडा मोठा, ते जिंकले. छत्रीवर बसणारा धक्का जमिनीपासून सहा फुटांवर धरू.

तेलाच्या १५ किलोच्या डब्यात रेती मावते सुमारे २६ किलो. डब्याचे बूड साडेनऊ इंचांच्या आत, म्हणजे मध्यापासून कड पावणेपाच इंचांवर. गुणाकार करून सहाने भागले की उत्तर येते पावणेदोन किलो. पावणेदोन किलोचा धक्का छत्रीला बसला की डबा आडवा. आता वाऱ्याकडे पाहू. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा समोर आलेल्या प्रत्येक चौरस फुटाला साधारण अर्धा किलो, किंचित जास्तच, रेटतो. सरळ उभ्या छत्रीची वाऱ्यासमोर येणारी बाजू सहा-सात चौरस फुटांची असते, तेव्हा रेटा झाला चार किलोच्या आसपास. डब्याचा निकाल लागलाच. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणून "काल तर उभी राहिली होती" या बोलण्याला अर्थ नसतो.

मग लोक म्हणतात, कुंडी घ्या, जड असते. बरोबर आहे, पण अर्धेच. आपल्याकडची कुंडी वर रुंद आणि खाली निमुळती. तोंड सोळा इंच, बूड बारा इंच. अशी कुंडी साठ किलो वजनाची केली, तरी तिची कड मध्यापासून सहाच इंचांवर येते आणि ती पाच किलोच्या धक्क्याला कलंडते. वजन दुपटीने वाढवून जे मिळते, ते बूड दुप्पट रुंद करून फुकट मिळते. मातीची कुंडी तर पहिल्याच आपटण्यात फुटेल. आम्हाला हवी होती खालीही तेवढीच रुंद असलेली कुंडी, आणि ती भंगारवाल्याकडे निळ्या रंगात उभी होती.

पाणी साठवायचा २०० लिटरचा प्लॅस्टिकचा ड्रम आडवा कापला की त्याच्या दोन कुंड्या होतात. बऱ्याच गच्च्यांवर लोक त्यात झाडे लावतात. त्याचे बूड सुमारे तेवीस इंचांचे, भिंती सरळ. कड मध्यापासून साडेअकरा इंचांवर, म्हणजे डब्याच्या अडीचपट लांब. वरचा अर्धा भाग झाकणाकडचा असतो, तो या कामाला नको. बूड असलेला अर्धा घ्या. उंची चौदा इंच ठेवा.

ड्रम घेताना एक गोष्ट मात्र विचारल्याशिवाय पैसे देऊ नका: यात आधी काय होते? हे ड्रम कारखान्यांतून येतात. कशात खाण्याचे तेल असते, कशात आम्ल, तर कशात रंगाचे द्रावण. ज्वालाग्राही द्रावणाच्या बंद ड्रमवर विजेचे कटर चालवले, तर आत साचलेली वाफ ठिणगीने पेटून स्फोट होतो. अशा अपघातांत माणसे मेली आहेत. तेव्हा दोन्ही बुचे उघडा, साबणाच्या पाण्याने तीन-चार वेळा धुवा, वास गेला आहे याची खात्री करा आणि हातकरवतीनेच कापा. आधी काय होते ते कळले नाही, तर त्या कुंडीत खायची भाजी लावू नका आणि घरात पाणी भरायला तर तो ड्रम मुळीच वापरू नका. कापलेली कड धारदार राहते. ती पॉलिश पेपरने घासून, सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून तिच्यावर चढवा. पोरे तिथेच खेळणार असतात.

आता दांडा धरणारा पाइप. छत्रीच्या दांड्याची जाडी दोऱ्याने नीट मोजून, दांडा आत सरकेल आणि दोन-तीन मिलिमीटर मोकळे राहील असा जीआय पाइप घ्या, अडीच फूट लांब. वेल्डिंगवाल्याकडून त्याच्या खालच्या टोकापासून दीड-दोन इंचांवर सळईचे फूटभर लांबीचे दोन तुकडे अधिकच्या चिन्हासारखे जोडून घ्या. ही चौफुली काँक्रीटमध्ये अडकते. मग पाइप फिरत नाही आणि वर उपसूनही येत नाही. पाइपाच्या वरच्या भागात दोन भोके पाडून त्यांवर नट वेल्ड करून घ्या, एक तोंडाजवळ आणि दुसरे त्याच्या आठ इंच खाली, पहिल्याच्या काटकोनात. या नटांतून हाताने पिळायचे बोल्ट आत गेले की दांडा दोन जागी पकडला जातो. एकाच बोल्टवर ठेवला तर छत्री डुलत राहते, आणि डुलणारी छत्री दांड्याला तिथेच वाकवते. छत्री उडते ती नेहमी कलंडूनच असे नाही. वारा खालून शिरला की ती सरळ वर उचलली जाते, स्टँड जागेवर राहतो आणि छत्री समोरच्या बसवर. बोल्ट त्यासाठी आहेत. सकाळी छत्री लावताना ते पिळायचा कंटाळा करू नका.

ड्रमच्या बुडाला मधोमध अंगठ्याएवढे भोक पाडा. पाइप बरोबर त्याच्यावर उभा राहिला पाहिजे, म्हणजे पाइपात उतरलेले पावसाचे पाणी खालून निघून जाईल. नाहीतर दांडा आतून गंजतो आणि दोन वर्षांनी नेमका वाऱ्यातच मोडतो. काँक्रीट घालताना पाइपाच्या खालच्या तोंडात वर्तमानपत्राचा बोळा घट्ट कोंबा, नंतर सळईने ढकलून काढता येतो. (जुना पेपर म्हणतो आहोत आम्ही. आमचा अंक आधी वाचून घ्यावा.)

काँक्रीटचे माप सोपे आहे. पाच लिटरचा एक डबा घ्या. एक डबा सिमेंट, दोन डबे रेती, चार डबे पाऊण इंची खडी. आधी कोरडे नीट कालवा, मग साडेतीन लिटरच्या आसपास पाणी थोडे थोडे घाला. रेती ओली असेल तर पाणी आणखी कमी. पातळ केले की ओतायला सोपे जाते, म्हणून हाताखालची मंडळी पाणी ओततच राहतात. तसे काँक्रीट सुकल्यावर ठिसूळ होते. बांधकामावर काम केलेला कोणी ना कोणी आपल्या घरात किंवा शेजारी असतोच, त्याला बोलवा. ज्याने दुसऱ्यांचे मजले उभे केले, त्याला एवढे काम चहा पिता पिता होईल. सिमेंट उघड्या हाताने कालवू नका. त्यातला चुना कातडी जाळतो, आणि ती आग संध्याकाळी कळते. रबरी हातमोजे नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्या हातांना बांधा.

एवढ्या मालाचा साडेतीन इंच जाडीचा थर ड्रमच्या बुडाशी बसतो आणि त्याचे वजन पंचावन्न किलोच्या आसपास भरते. अर्धा थर घाला, पाइप उभा करा, उरलेला घाला आणि सळईने टोचून हवा काढा. मग ओळंबा लावा, दोन बाजूंनी. ओळंबा नसेल तर दोऱ्याला दगड बांधला तरी चालतो. पाइप इथे एक इंच तिरका राहिला, तर वर छत्री चांगली अडीच-तीन इंच कलते आणि जन्मभर तशीच राहते. ओळंब्यात आल्यावर पाइपाला तीन बाजूंनी दोऱ्या ताणून रात्रभर हलवू नका. दुसऱ्या दिवसापासून निदान सात दिवस वर ओले गोणपाट ठेवून पाणी मारत राहा. घाई करून तिसऱ्याच दिवशी छत्री लावली, तर पाइपाभोवती तडा जातो.

आता परत तराजू. नुसत्या काँक्रीटसह हा स्टँड साठ किलोचा होतो आणि छत्रीच्या उंचीवरचा नऊ किलोचा धक्का झेलतो. वर आठ इंच ओलसर माती भरली, तर एकूण वजन एकशे तीस किलोच्या घरात जाते आणि धक्का वीस किलोपर्यंत पेलतो. तेलाचा डबा पावणेदोन किलोला पडत होता.

ज्यांना छत्री दारासमोर, अंगणात किंवा टपरीपुढे कायम ठेवायची आहे, त्यांनी माती भरावी. काँक्रीटच्या थराच्या किंचित वर ड्रमच्या भिंतीला चार भोके पाडावीत, नाहीतर मुळे कुजतात. तळाशी विटांचे तुकडे, वर माती आणि शेणखत. सावली छत्रीचीच असल्याने पुदिना, ओवा, कोरफड यांसारखी थोड्या उन्हावर भागणारी झाडे लावावीत. चहावाल्याने गवती चहा कडेला लावला, तर सकाळची दोन पाने बाजारातून आणायला नकोत. मात्र लाकडी गॅलरीच्या जुन्या चाळीत एवढे वजन गॅलरीत चढवू नका. गच्चीवरही नको. तिथे वारा जमिनीपेक्षा जास्त असतो, आणि वरून पडलेली छत्री खाली कोणाच्या डोक्यात जाईल ते सांगता येत नाही.

नाक्यावरच्या धंदेवाल्यांचे गणित वेगळे आहे. त्यांना संध्याकाळी सगळे उचलून न्यायचे असते. म्हणून त्यांनी माती भरू नये. रिकामा स्टँड साठ किलोचा, पण गोल बुडाचा. गॅस सिलिंडरवाले सिलिंडर तिरका करून कडेवर फिरवत नेतात ना, तसा तो एका माणसाला फिरवत नेता येतो. उचलायचा झाला तर मात्र दोघे लागतात. आम्हाला काहींनी खाली चाके लावायचे सुचवले. आमचे मत विरुद्ध आहे. चाके आत बसवली की कलंडण्याची कड आत येते, रुंद ड्रम घेऊन जे कमावले ते तिथे जाते. दिवसा जास्त वजन हवे तर तेलाचे पाच लिटरचे रिकामे कॅन पाण्याने भरून ड्रममध्ये पाच-सहा ठेवा. पंचवीस-तीस किलोंची भर पडते, भाजीवर शिंपडायला पाणी हाताशी राहते आणि संध्याकाळी कॅन रिकामे करून घरी न्यायचे. पाणी शिंपडून संपले की वजनही संपते, एवढे ध्यानात ठेवा. दुपारनंतरच वारा वाढतो.

स्टँड हलवता येणारा असावा, यामागे आणखी एक कारण आहे. फुटपाथ खोदून खुंटा रोवायला पालिकेची परवानगी लागते. ती नसताना रोवला की कारवाईला आपणच निमित्त देतो. पथविक्रेत्यांसाठी २०१४ सालचा केंद्रीय कायदा आहे. त्यानुसार विक्रेत्याला जागेवरून काढायचे किंवा हलवायचे तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. माल जप्त केला तर त्याची सहीची यादी द्यावी लागते. मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा माल कामकाजाच्या दोन दिवसांत परत करायचा असतो. छत्री आणि स्टँड हे नाशवंत नव्हेत. गाडीत टाकताना ते यादीत लिहून घ्यायला विसरू नका. पुष्कळ ठिकाणी यादी देतच नाहीत. ती मागणारा कोणी उभा राहत नाही, हेही त्याचे एक कारण आहे.

स्टँड झाला, आता छत्रीकडे थोडे पाहू. काही छत्र्यांना डोक्यावर वेगळी टोपी असते आणि तिच्याखाली कापडाला भोक असते. ती शोभेसाठी नाही. खालून शिरलेला वारा तिथून निसटतो. आपल्या छत्रीला ती नसेल तर ओळखीच्या शिंप्याकडून मधोमध दहा इंचांचे भोक कापून, काठ दुमडून, वर त्याहून मोठी टोपी टाचून घ्या. काड्यांची टोके जाणाऱ्या-येणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर येतात. जुन्या रबरी चपलेचे चौकोनी तुकडे त्यांत खोचून बसवा. छत्री बांधून ठेवायची असेल तर आपल्या हातगाडीला बांधा, विजेच्या खांबाला कधीही नाही. वर तारा असतील तिथे लोखंडी दांड्याची छत्री लावूच नये.

दुपारी ऊन पश्चिमेकडून येते म्हणून बहुतेक जण छत्री तिरकी करतात. तिरकी केलेली छत्री म्हणजे होडीचे शीड. वर दिलेला चार किलोचा आकडा सरळ छत्रीचा आहे. तिरकी झाली की वाऱ्यासमोरचे कापड दुप्पट-तिप्पट होते आणि रेटाही त्याच प्रमाणात वाढतो. त्यापेक्षा छत्री सरळ ठेवून पश्चिमेच्या बाजूला जुन्या साडीचा पडदा काड्यांना चिमट्यांनी अडकवा. वारा आला की चिमटा सुटतो, पडदा उडतो, छत्री राहते.

आणि मोठ्या वाऱ्यात छत्री मिटायचीच, स्टँड कितीही भक्कम असो. १३ मे २०२४ रोजी मुंबईत धुळीचे वादळ आले आणि घाटकोपरला पेट्रोल पंपावर जाहिरातीचा अवाढव्य फलक कोसळून १७ जणांचा जीव गेला. आपली छत्री त्या मानाने चिमुकली, पण तिचा दांडा लोखंडाचा आहे आणि समोर शाळेतून सुटलेली पोरे असतात. वेग मोजायचे यंत्र नाक्यावर नसते, तेव्हा झाडाकडे पाहावे. लहान झाडे पानांसकट डोलू लागली की वारा ताशी तीस किलोमीटरच्या आसपास पोहोचला. तेव्हाच तिरकी छत्री सरळ करावी आणि बोल्ट पुन्हा पिळावेत. मोठ्या फांद्या हलू लागल्या, तारांतून शीळ ऐकू येऊ लागली, की वारा चाळिशीच्या पुढे गेला. हातातली साधी छत्रीही मग सांभाळत नाही. या वेळी मोठी छत्री मिटून, दांड्यासकट काढून, हातगाडीखाली आडवी ठेवावी. गिऱ्हाईक समोर उभे असले तरी. विजा चमकू लागल्या तर तिच्याखाली बसून राहू नये, पक्क्या इमारतीत जावे.

पावसाळ्यात छत्री घरी गेली की पाइपाच्या तोंडावर पावडरच्या डब्याचे झाकण किंवा प्लॅस्टिकची पिशवी बांधा. बोल्टांना दर महिन्याला खोबरेल तेलाचा एक थेंब द्या. पाइपाला गंज धरण्याआधी लाल रंगाचा एक हात मारून घेतला तर उत्तम. निळा ड्रम उन्हाने चार-पाच वर्षांत तडकू लागेल, पण आतला काँक्रीटचा गोळा आणि पाइप शाबूत असतील. ते दुसऱ्या ड्रममध्ये तसेच उतरवा, भोवतीच्या फटीत थोडे सिमेंट ओतले की काम झाले.